गॅमनचं ग्लेझ स्लो कुकरमध्ये होत नाही

डिसेंबर लागला की इंग्लंडमधल्या आमच्या स्विंडनमध्ये एक संदेश फिरायला लागतो. इथे गोव्याची मंडळी बरीच, आम्हा वसईकरांची घरं थोडी, आणि नाताळात गॅमन (डुकराची मिठात मुरवलेली मांडी) करायची इथली पद्धत आता आमच्यापैकी अनेकांच्या घरी रुळली आहे. संदेश थोडक्यात असा: 'गॅमन रात्रभर भिजवाच, नाहीतर खारट होईल. स्लो कुकरमध्ये (विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्यात) ठेवा, वरून मध-मोहरी-साखर चोपडा, दोन लिटर कोक ओता, त्याने मांस लुसलुशीत होतं. फ्रीजरमधून काढून थेट टाकलं तरी चालतं. लो (मंद) आचेवर दहा-बारा तास. जितका जास्त वेळ तितकं मऊ. आत गुलाबी दिसलं तर कच्चं आहे, अजून ठेवा. ग्लेझ आतच होतं, ओव्हन लागत नाही. खालचं पाणी फेकून द्या.'

नुकतीच इथे आलेली, पहिल्यांदाच एवढा मोठा तुकडा विकत आणणारी मुलंमुली हे वाचून कामाला लागतात. सणाचा एकच तुकडा असतो, तो बिघडला की दुसरा आणायला दुकानही उघडं नसतं. म्हणून हे लिहायला बसले. स्लो कुकरशी माझं काहीच वाकडं नाही. मी स्वतः दर वर्षी गॅमन त्यातच शिजवते.

आधी ग्लेझचं, म्हणजे मांसावर चढणाऱ्या त्या चकचकीत गोड थराचं, बघू, कारण सगळ्यात जास्त निराशा तिथेच पदरी येते. पहिल्या वर्षी मीही असंच केलं होतं. सकाळी मध, मोहरी, साखर नीट चोपडून झाकण लावलं आणि संध्याकाळी उघडलं तर तुकडा फिकट, ओला, कातडी रबरासारखी, आणि चोपडलेलं सगळं वितळून तळाच्या पाण्यात गेलेलं. तेव्हा वाटलं माझं प्रमाण चुकलं. प्रमाण ठीकच होतं. झाकण लावलेल्या भांड्यात वाफ कोंडते, झाकणाला लागून पाणी होते आणि पुन्हा खाली ठिबकते. आतली उष्णता 100 अंशांच्या वर जातच नाही. मांसाला तांबूस रंग आणि भाजका वास यायला कोरडा पृष्ठभाग आणि साधारण 140 अंशांच्या पुढची धग लागते. उकडीचा मोदक आणखी तासभर वाफेवर ठेवला म्हणून तळणीच्या मोदकासारखा तांबूस होईल का? तसंच आहे हे. आणि ग्लेझ म्हणजे शेवटी पाकच. पाक घट्ट व्हायचा तर त्यातलं पाणी उडायला हवं. झाकणाखाली दोनतारी पाक कुणी केलेला नाही.

या यंत्राचा जन्मच ओल्या, मंद शिजवण्यासाठी झाला आहे. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट 1940 साली मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांमध्ये शब्बाथसाठी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, रात्रभर बेकरीच्या भट्टीत ठेवलेल्या चोलंट नावाच्या कडधान्य-मांसाच्या पदार्थाबद्दल त्यांच्या आईने सांगितलं होतं, त्यावरून ही कल्पना त्यांना सुचली. पुढे हा कुकर बाजारात आला तो बीनरी, म्हणजे घेवडे शिजवायचं भांडं, म्हणून. क्रॉक-पॉट हे त्याचं ब्रँडचं नाव 1971 चं. भाजण्याचं काम त्याच्यावर तेव्हाही कुणी टाकलं नव्हतं.

मग करायचं काय? शिजलेला तुकडा बाहेर काढून दहा मिनिटं ताटात ठेवा, कोमट होऊ द्या. दोरा कापा. कातडीच्या एका कोपऱ्याखाली सुरीचं टोक घालून ती उचला. पुढे हातानेच ओढली तरी चिकटपट्टीसारखी निघत जाते. खाली पांढरी चरबी दिसेल. ती काढू नका, अर्धा-पाऊण सेंटिमीटर थर राहू द्या. त्यावर तिरक्या रेघा ओढून शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडा, सुरी मांसापर्यंत जाऊ देऊ नका. प्रत्येक चौकोनात एक लवंग टोचा. मग कागदी रुमालाने पृष्ठभाग कोरडा टिपा. ही पायरी संदेशात तर नाहीच, पण लोकही विसरतात, आणि ओल्या चरबीवर ग्लेझ घसरतं. दीड किलोच्या तुकड्याला तीन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक चमचा इंग्लिश मस्टर्ड, एक चमचा मध. तव्यावर पातळ करत बसू नका, जाडसरच असू द्या. ट्रेमध्ये फॉइल घाला, नाहीतर गळलेली साखर घासता घासता नवीन वर्ष उजाडेल. 200 अंशांवर, पंख्याचा ओव्हन असेल तर 180 वर, वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा खाली गळलेलं पुन्हा वर लावा. शेवटच्या पाच मिनिटांत समोरून हलू नका, कारण तांबूस आणि करपलेलं यात तेवढंच अंतर असतं. वीज वाचते म्हणून ओव्हन टाळणाऱ्यांचं मला कळतं, पण इथे तो अर्धा तासच लावायचा आहे.

'गुलाबी म्हणजे कच्चं.' कोंबडीच्या अनुभवावरून हे आलं असावं. गॅमन म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचं मिठात मुरवलेलं कच्चं मांस. तेच शिजलं की हॅम. मुरवताना मिठासोबत सोडियम नायट्राइट घालतात, वेष्टनावर ई 250 असं लिहिलेलं दिसेल. ते मांसातल्या रंगद्रव्याशी जोडलं जातं आणि शिजवल्यावरही त्याचा गुलाबी रंग टिकतो. बारा तास ठेवा, चोवीस तास ठेवा, गुलाबी ते गुलाबीच. आता या सूचनेला 'जितका जास्त वेळ तितकं मऊ' ही दुसरी जोडा: रंग जात नाही म्हणून माणूस ठेवतच जातो आणि मांसाचा चोथा होतो.

शिजलं की नाही हे थर्मामीटर सांगतो. ब्रिटनच्या अन्न विभागाचं म्हणणं, मधोमध 70 अंश, दोन मिनिटं. तेवढं झालं की थांबा. माझ्या कुकरमध्ये दीड किलोला लो आचेवर पाच तासांच्या आसपास लागतात, तुमच्याकडे साडेचार लागतील किंवा सहा. म्हणून चार तासांनंतर एकदा टोचून पाहा. दर अर्ध्या तासाने मात्र झाकण उघडू नका. घड्याळ लावून झोपायला जाण्यापेक्षा हे किचकट वाटेल, पण थर्मामीटर एकदा घेतला की दर नाताळाला उपयोगी पडतो.

मऊपणाबद्दल एवढंच, की खांद्याच्या किंवा मानेच्या तुकड्यात जोडतंतू भरपूर असतात, ते तासन्तास मंद आचेवर विरघळतात, म्हणून असं मांस काट्याने ओढलं तरी सुटतं. मांडीत ते कमी. तिथे जास्त वेळ म्हणजे धागे सुटलेलं कोरडं मांस, ज्याची सुबक चकती पडत नाही. ओढून पावात घालायचं असेल तर इंग्रजांच्या दुकानात मानेचा जो तुकडा कॉलर नावाने मिळतो तो घ्या, आणि खुशाल आठ तास ठेवा.

भिजवण्याच्या सूचनेत एकेकाळी तथ्य होतं. आमच्यापासून जवळ काल्न म्हणून गाव आहे, तिथल्या हॅरिस कुटुंबाच्या कारखान्यांमुळे विल्टशर क्युअर हे मांस मुरवण्याच्या पद्धतीचं नाव गाजलं. त्याआधी मांस खारवायचं ते थंडीच्या महिन्यांत, आणि टिकावं म्हणून मीठ सढळ. हॅरिसांनी बर्फाने गार ठेवलेल्या खोल्यांची पद्धत आणली, 1864 साली तिचं पेटंट घेतलं, आणि मग कमी मिठात वर्षभर मुरवणं जमू लागलं. आज सुपरमार्केटमधला बहुतेक गॅमन याच सौम्य वळणाचा असतो. तो रात्रभर भिजवला तर चवच जाते. खाटकाकडचा, कोरड्या मिठात मुरवलेला असेल तर गोष्ट वेगळी. अंदाज लागत नसेल तर कोपऱ्याचा बोटभर तुकडा कापून तव्यावर परता आणि खाऊन बघा. खारट लागला तरच भिजवा, आणि पाणी एकदा बदला.

गोठलेलं मांस थेट टाकणं मात्र धोक्याचं आहे, यात तडजोड नको. स्लो कुकर हळूहळू तापतो, आणि गोठलेल्या मोठ्या तुकड्याचा गाभा जिवाणूंना मानवणाऱ्या तापमानात, म्हणजे 8 ते 63 अंशांच्या मध्ये, तासन्तास पडून राहतो. आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात काढून ठेवा. दोन किलोला पूर्ण दिवस लागतो, कधी त्याहून थोडा जास्त.

राहिलं कोक. चव छान येते, हे मी नाकारत नाही. गॅमन कोकमध्ये शिजवणारे अमेरिकेत आणि इथेही पुष्कळ आहेत. पण लुसलुशीत होतं ते कोकमुळे, हे खरं नाही. आंबटपणा पृष्ठभागाच्या थोडा आत पोचतो, गाभ्यापर्यंत नाही. दोन लिटरमध्ये दोनशे ग्रॅमहून जास्त साखर, तीही बहुतेक भांड्यातच राहते. मी तुकडा अर्धा बुडेल इतकं साधं पाणी घालते, सोबत एक कांदा, दोन तमालपत्रं, आठ-दहा मिरी दाणे. पाणी पुरेसं असलं की जादा मीठही त्यात उतरतं.

आणि तेच पाणी फेकून द्या म्हणे! कोकचं असेल तर फेकाच, त्याचं दुसरं काही होत नाही. साध्या पाण्याचं मात्र गाळून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर साकळलेली चरबी चमच्याने उचलून काढा, खालचं पाणी थरथरत्या जेलीसारखं झालेलं असेल. चाखून पाहा. फार खारट असेल तर निम्मं साधं पाणी मिसळा, मग अर्धा किलो हिरव्या वाटाण्याची डाळ, एक गाजर, एक कांदा घालून तासभर रटरटू द्या. डाळ आपोआप विरघळते. उरलेल्या हॅमचे बारीक तुकडे शेवटी घाला, आणि मीठ अजिबात घालू नका.