जुन्या परवान्याला नवा नियम? छे!

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या खडेबाजारात तुमचं एक्स-रे सेंटर असेल आणि नियम बदलल्याची कुणकुण लागली असेल, तर जागचे हलू नका. परवाना फ्रेम करून टांगलाय ना? नवे नियम नव्या मशीनवाल्यांना.

आधार हवाच असेल तर २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम काढा. त्यांनी १९७१ चे नियम मोडीत काढले, पण आधी झालेल्या गोष्टींना धक्का लावला नाही. तेवढीच ओळ अधोरेखित करा. आज बटण दाबून काढलेला एक्स-रे 'आधी झालेला' कसा, असं कुणी विचारलंच तर चहा मागवा. शिवाय त्याच २००४ साली सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजून तिथंच आहे. नियमांनाच कसली घाई?

परवाना पाच वर्षांचा. तोवर ई-लोरा, म्हणजे परवान्याचं सरकारी ऑनलाइन पोर्टल, उघडू नका. पासवर्ड जुन्या टेक्निशियनकडं, तो हुबळीला गेलाय. मुदतीच्या आदल्या रात्री फोन लावा, उचलेल की.

दर दोन वर्षांच्या क्यूएचंही, म्हणजे मशीनच्या गुणवत्ता तपासणीचंही, मनावर घेऊ नका. एजन्सीवाला, किरण कुठं पडणार ते दाखवणाऱ्या दिव्याच्या चौकोनाच्या कडांवर खुणा ठेवून फिल्म काढतो. शंभर सेंटिमीटरवर दिवा आणि किरण यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला की नापास. कॉलिमेटरमधला, म्हणजे किरणांचा झोत आखून देणाऱ्या पेटीतला, आरसा जरा सरकला तरी हे होतं: दिवा छातीवर, किरण पोटावरही. आरसा बसवण्यापेक्षा जुना रिपोर्ट पुन्हा जोडणं स्वस्त.

अंगाला किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बिल्ला शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा असतो. तुम्ही तो एप्रनवरच अडकवा आणि एप्रन मशीनच्या खोलीत खुंटीला टांगा. तिमाही रिपोर्टात खुंटीला लागलेल्या किरणांचा डोस टेक्निशियनच्या नावावर येईल. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एखाद्या वर्षी फार तर ३०. त्यावर उपाय आहे: तुलनेसाठी किरणांपासून दूर ठेवायचा कंट्रोल बिल्लाही त्याच खोलीत ठेवा. त्याचं रीडिंग बाकीच्यांतून वजा होतं, म्हणजे सगळ्यांचा डोस छान कमी!

आता चेस्ट स्टँड, म्हणजे छातीचा एक्स-रे काढताना पेशंट ज्याला टेकून उभा राहतो तो. मंजूर नकाशात तो चौदा इंची भिंतीला आहे, पण तिथं एसी बसवायचाय. मग नऊ इंची भिंतीला हलवा. ती विखुरलेल्या किरणांना पुरते, थेट झोताला नाही. पण पलीकडं पेशंटचा बाकच तर आहे. नवा नकाशा मंजुरीला पाठवायचा विचारही करू नका. फक्त बाकावर स्वतः बसू नका.