‘उडान’ ही फिर्यादीच्या घरातली मालिका आहे

पोलिसांवरची सगळ्यात खरी मालिका कोणती, असं कुणी विचारलं तर मी ‘उडान’चं नाव घेते. नुसत्या आवडीपोटी नाही. शिपाई म्हणून खात्यात लागले, ठाण्यात तक्रारी लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ कितीतरी रात्री काढल्या, हवालदार होऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता ती मालिका पुन्हा बघितली, आणि मत आणखी पक्कं झालं.

माझ्या थोरल्या भावाचं परभणीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. लग्नाला, बारशाला व्हीसीआर भाड्यानं द्यायचा. दूरदर्शनवर ‘उडान’ लागली की माझ्यासाठी तो ती टेप करून ठेवायचा. त्या कॅसेट माळ्यावर पडून होत्या. भाच्यानं मागे त्या छत्रपती संभाजीनगरला नेऊन डीव्हीडीवर उतरवून आणल्या. चित्राच्या खालच्या बाजूला रेघा पळतात, मध्येच आवाज बसतो. लाईट गेली तिथं भाग तुटतो तो तुटतोच, पुढं एकदम दुसऱ्या आठवड्याचं काहीतरी सुरू होतं. तरी बसून बघितली. शेजारी भाची होती. ती पोलीस भरतीची तयारी करते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८९ ते १९९१ या काळात ‘उडान’ दूरदर्शनवर होती. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंग या आयपीएस अधिकाऱ्याची भूमिकाही स्वतःच केली. तोवर घराघरात त्या सर्फच्या जाहिरातीतल्या ‘ललिताजी’ म्हणून माहीत होत्या. आमच्या गल्लीतल्या बाया मालिका बघताना सुरुवातीला त्यांना ललिताजीच म्हणायच्या. पुढं पुढं ‘कल्याणीचं काय झालं?’ असं विचारायला लागल्या. कल्याणीच्या वडिलांचं काम आपल्या विक्रम गोखल्यांनी केलंय आणि जिल्हाधिकारी हरीश मेनन झालेत शेखर कपूर. कल्याणी ज्यांच्यावरून घेतली त्या कंचन चौधरी भट्टाचार्य म्हणजे कविताताईंच्या सख्ख्या थोरल्या बहीण. किरण बेदींनंतर आयपीएस झालेल्या दुसऱ्या महिला, १९७३ च्या तुकडीच्या. २००४ साली त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखपदी बाई बसण्याची देशातली ती पहिली वेळ.

आणि त्या पोलिसांत का गेल्या? मालमत्तेच्या वादात वडिलांना मारहाण झाली आणि पोलीस तक्रार घेईनात म्हणून. सगळ्या मालिकेचं मूळ इथं आहे. एरवी पोलिसांवरच्या मालिकेत पहिल्याच मिनिटाला मुडदा पडलेला असतो आणि शेवटच्या मिनिटाला खुनी सापडतो. मधल्या वेळात गाड्या पळतात, साहेब कानाखाली मारतात, की आरोपी घडाघडा बोलायला लागतो. ‘उडान’ सुरू होते ती ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांच्या घरात. मुलगी म्हणून मिळणारी दुय्यम वागणूक, वडिलांचे हेलपाटे, दारात आलेल्या माणसाकडं वर मान करूनही न बघणारी खुर्ची, हे सगळं आधी येतं. मग अभ्यास, मग परीक्षा, मग प्रशिक्षण. खाकी येते ती बऱ्याच उशिरा. आठवड्याला एक भाग बघताना हे लक्षात आलं नव्हतं, तेव्हा आम्ही वर्दीची वाट बघायचो. आता ओळीनं बघताना कळतं की त्या बाईनं मुद्दाम आपल्याला आधी ठाण्यातल्या टेबलाच्या अलीकडं, फिर्यादीच्या बाकड्यावर बसवलंय.

मराठवाड्यात नोकरी केलेल्या कुणालाही हे बाकडं माहीत आहे. मृगाच्या आधी, पेरण्या तोंडावर आल्या की ठाण्यात बांधाची भांडणं यायला सुरुवात होते. भावानं बांध कोरला, चुलत्यानं नांगर घातला, सातबाऱ्यावर नाव आहे पण रस्ता अडवलाय. नवरा उसतोडीला कारखान्यावर, बाई एकटी गावात, आणि दीर बांध सरकवतो. ती बाई ठाण्यात येते. तिला सांगतात, हे महसुलीचं आहे, तहसीलला जा. तहसीलला सांगतात, मारहाण झालीय ना, मग आधी पोलिसांत जा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला करायचा, तो वेगळाच. फार झालं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतात आणि दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई, करून मोकळे होतात. म्हणजे मार खाल्लेलीवरही कारवाई, आणि मारणाऱ्यावरही. डोकं फुटलं की मगच सगळ्यांची धावपळ सुरू होते. खून झालेल्या कितीतरी प्रकरणांत जुनी स्टेशन डायरी उघडली तर त्याच बाईचा, त्याच बांधाचा तक्रारी अर्ज सापडतो. हे मी डोळ्यानं बघितलंय. गुन्हा त्या पहिल्या अर्जापाशी थांबला असता.

कल्याणीच्या वडिलांची दाद कुठंच लागत नाही, त्या भागात भाचीनं डीव्हीडी थांबवली.

“आत्या, कामून लिहून घेत नाहीत ओ यांचं?”

“लिहिलं की तपास करावा लागतो, बाई. आकडा वाढतो. वरून विचारणा होते, तुमच्या हद्दीत गुन्हे कसे वाढले?”

“मंग आता घ्यावंच लागतं ना?”

आता घ्यावंच लागतं, हे खरं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. कौटुंबिक वादासारख्या काही प्रकारांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली, पण टाळाटाळीला जागा ठेवली नाही. ते प्रकरणही उत्तर प्रदेशातल्या एका बापाचंच होतं. अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाली आणि पोलीस हलेनात म्हणून तो न्यायालयात गेला होता. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाला, त्यात हद्दीचं कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. भाचीनं हे वहीत लिहून घेतलं. तिला परीक्षेसाठी हवं होतं. मला ते तिच्या पुढच्या नोकरीसाठी हवंय. कायदा झाला तरी त्या टेबलावर कोण बसलंय, यावर अजून बरंच अवलंबून आहे. म्हणून मालिका जुनी झाली नाही.

मालिकेत मला खटकतं ते एकच. ती सगळी अधिकाऱ्याच्या उंचीवरून दिसते. ठाण्यात येणाऱ्या बाईशी पहिल्यांदा बोलतो तो शिपाई, नाहीतर ठाणे अंमलदार. साहेब फार नंतर भेटतात. बंदोबस्तावरून चोवीस तासांनी परतलेला, पोराची फी भरायची राहिलेला हवालदार तक्रार कशी ऐकून घेतो, हे ‘उडान’मध्ये नाही. कविताताईंनी आपल्या बहिणीची गोष्ट सांगितली, त्यामुळं हे स्वाभाविकच आहे. पण आमच्या बाजूची तशी मालिका माझ्या तरी बघण्यात नाही, आणि ती व्हायला हवी. मराठीत तर व्हायलाच हवी. परभणी, हिंगोली, बीडच्या ठाण्यात एक रात्र बसलं तर लिहिणाऱ्याला कथेची वाण पडणार नाही.

तरी त्या उंचीवरच्या गोष्टीनंच आम्हाला रस्ता दाखवला, हे मला ठासून सांगायचंय. १९९४ साली महाराष्ट्रात महिला धोरण आलं, सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण मिळालं. पण जागा राखीव झाल्या म्हणून घरचे मुलीला मैदानावर पाठवतातच असं नाही. ‘पोरीची जात, पोलिसांत कशाला?’ हे माझ्या घरीही झालं. तेव्हा माझ्या वडिलांनी, ज्यांनी आयुष्यात दुसरी कुठली मालिका नीट बघितली नसेल, फक्त एवढंच विचारलं, “त्या कल्याणीसारखं?” मी हो म्हणाले. त्यांनी फॉर्मवर सही केली. आईला समजावायला मात्र पुढचा उन्हाळा गेला. त्या घरात कल्याणीच्या बापाचं काम करणाऱ्या विक्रम गोखल्यांचा वाटा किती मोठा होता, हे मी आता बघताना ओळखलं. मुलीवर भरवसा ठेवणारा बाप पडद्यावर दिसला, म्हणून आमच्या बापांना तसं होणं सोपं गेलं.

आता पहाटे कुठल्याही जिल्ह्याच्या मैदानावर जा. आठशे मीटर पळणाऱ्या, गोळाफेक करणाऱ्या पोरींची रांग दिसते. कुणी ऊसतोड कामगाराची, कुणी रोजंदारीवाल्याची. पन्नास गुणांचं मैदान आणि शंभर गुणांचा पेपर, एवढंच त्यांना शिकवलं जातं. अकॅडमीत त्यांना सिंघमछाप व्हिडिओ दाखवून जोश भरतात, ते मला अजिबात पटत नाही. माणसाला मारून न्याय होतो, असं डोक्यात घेऊन पोरगी ठाण्यात आली, तर समोर बसलेल्या बाईचं ऐकायला तिला वेळ कुठून असणार? त्यांना ‘उडान’ दाखवा. पहिले भाग दाखवा, वर्दी यायच्या आधीचे.

कंचनताई ऑगस्ट २०१९ मध्ये गेल्या, विक्रम गोखले नोव्हेंबर २०२२ मध्ये, कविताताई फेब्रुवारी २०२४ मध्ये. दूरदर्शननं ही मालिका नीट साफ करून, पूर्ण भागांसह, मराठी उपशीर्षकांसकट संचाच्या रूपात काढावी, अशी माझी मागणी आहे. जिल्हा ग्रंथालयात आणि प्रत्येक पोलीस प्रशिक्षण केंद्रात त्याची एकेक प्रत असावी.

तोपर्यंत आमच्या भागातल्या एका भरती अकॅडमीत दर रविवारी संध्याकाळी दोन भाग दाखवायचं ठरवलंय. सरांनी हॉल दिलाय, प्रोजेक्टर मिळालाय. आमच्या डीव्हीडीत प्रशिक्षणाच्या काळातले मधले काही भाग नाहीत. त्या आठवड्यांत गल्लीत लाईट नव्हती, नाहीतर भाऊ बाहेरगावी होता. कुणाच्या घरी त्या वेळी टेप केलेल्या कॅसेट पडून असतील, चालत नसल्या तरी, तर इथं खाली कळवा. उतरवून घ्यायचा खर्च मी करते आणि मूळ कॅसेट जशीच्या तशी परत देते.