‘ए-1 म्हणजे 91च्या वर’ सांगणारा तक्ता आणि आजचे गुणपत्रक

दहावीचे निकाल लागले की सोलापुरातील पालकांच्या व्हॉट्सअॅप समूहांत एक तक्ता हमखास फिरू लागतो, आणि अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया 2025-26 पासून आपल्या शहरालाही लागू झाल्याने तो आता अधिकच विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: सीबीएसईच्या दहावीत ए-1 म्हणजे 91 ते 100 गुण, ए-2 म्हणजे 81 ते 90, ही उतरंड पूर्वीसारखीच आहे, श्रेणीगुणांच्या (ए-1ला 10, ए-2ला 9 अशा अंकांच्या) सरासरीला 9.5 ने गुणले की टक्केवारी मिळते. राज्य मंडळाचे विशेष प्राविण्य म्हणजे सीबीएसईची बी-1. आणि आठवीपर्यंत मिळणारी अ-1 श्रेणी म्हणजेच दहावीची ए-1.

पहिले विधान एके काळी खरे होते, म्हणूनच ते सहज पटते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या (वर्षभरातील कामगिरीवर श्रेणी देणाऱ्या पद्धतीच्या) काळात, म्हणजे 2017च्या दहावीपर्यंत, सीबीएसईची श्रेणी गुणांच्या ठरावीक टप्प्यांवरच दिली जात असे. 2018 पासून बोर्डाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आणि बारावीत आधीपासून असलेली सापेक्ष श्रेणी दहावीलाही आली. आता प्रत्येक विषयात देशभरातून उत्तीर्ण झालेल्या सर्व विद्यार्थ्यांना गुणांच्या उतरत्या क्रमाने लावून त्यांचे आठ भाग केले जातात. सर्वांत वरचा भाग ए-1, त्याखालचा ए-2, असे उतरत शेवटचा डी-2, अनुत्तीर्णांना ई. प्रत्येक श्रेणीत उत्तीर्णांपैकी साधारण साडेबारा टक्के मुले येतात, आणि समान गुणांमुळे ही सीमा थोडीफार सरकते.

याचा परिणाम गुणपत्रकावर स्पष्ट दिसतो. लेखी, अंतर्गत मूल्यमापन, एकूण गुण, ते अक्षरी आणि शेवटी ‘पोझिशनल ग्रेड’ म्हणजे हीच सापेक्ष श्रेणी, असे रकाने तिथे असतात. ज्या विषयात देशभर भरघोस गुण पडले, तिथे 92 गुणांपुढे ए-2 असू शकते, तर अवघड गेलेल्या विषयात त्याहून कमी गुणांना ए-1 मिळू शकते. असे गुणपत्रक हाती आले की तक्ता पाठ असलेले पालक छपाईची चूक समजून थेट गुणपडताळणीच्या चौकशीला लागतात. वास्तविक तिथे काहीही चुकलेले नसते. डी-2 पाहून मूल काठावर पास झाले असे मानणेही तितकेच निराधार आहे; ते मूल त्या विषयातील उत्तीर्णांच्या शेवटच्या आठव्या भागात आहे, एवढेच त्यातून कळते.

9.5चा गुणक तर आजच्या गुणपत्रकाशी संबंधितच नाही. प्रमाणपत्रावर गुण न छापता फक्त श्रेणी छापली जाई, त्या काळातील ती सोय होती. मागील वर्षांत 91 ते 100 गुण मिळवणाऱ्यांची सरासरी 95च्या आसपास असल्याने, तिला दहाने भागून हा आकडा ठरवला गेला. त्या काळातही तो अंदाजच होता. पाचही विषयांत 91 मिळवणाऱ्या मुलीची श्रेणीगुणांची सरासरी 10 आणि टक्केवारी 95 निघे. सगळीकडे 99 मिळवणारीचीही 95च. पण सगळीकडे 90 असतील तर सरासरी 9 आणि टक्केवारी 85.5. विषयामागे एकाच गुणाचा फरक टक्केवारीत साडेनऊचा होई. आज प्रत्यक्ष गुण समोर छापलेले असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी करायचा, हे मला खरोखर कळत नाही. मात्र 2011 ते 2017 या काळातील जुनी प्रमाणपत्रे वाचताना हा गुणक अजूनही लागतो.

विशेष प्राविण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. राज्य मंडळाचे विशेष प्राविण्य एकूण 75 टक्क्यांपासून आणि प्रथम श्रेणी 60पासून सुरू होते. हे वर्ग विषयांच्या एकत्रित गुणांवर मिळतात, तर सीबीएसईची श्रेणी एकेका विषयाची आणि तीही इतरांच्या तुलनेत. त्यांना एका ओळीत समोरासमोर मांडता येत नाही.

आठवीपर्यंतच्या अ-1चे प्रकरण वेगळे आहे. राज्यात 2010च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी आणलेली अ-1 ते ई-2 ही श्रेणी गुणांच्या टप्प्यांवरच आहे. तिथे अ-1 म्हणजे 91 ते 100 हे बरोबर आहे. तक्ता बनवणाऱ्याने बहुधा तेच टप्पे सीबीएसईच्या दहावीवर चिकटवले असावेत.

अकरावीचा अर्ज भरताना टक्केवारी गुणांवरूनच काढायची असते. सीबीएसई स्वतः एकूण टक्केवारीही छापत नाही आणि प्रथम श्रेणीसारखा वर्गही देत नाही; त्यामुळे सायबर कॅफेत बसून श्रेणीवरून काढलेला आकडा गुणपत्रकाशी जुळेलच असे नाही.