त्यांना बसवून ठेवू नका

आज नात्यातल्या एका काकांच्या सत्तरीच्या वाढदिवसाला गेले होते. मुलाने हौसेने भेट आणली होती, बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात तसली जाडजूड आरामखुर्ची. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "बाबा, आयुष्यभर खूप धावलात. आता काही म्हणजे काही करायचं नाही. पाणीसुद्धा आम्ही हातात आणून देणार." टाळ्या पडल्या. काकूंचे डोळे भरून आले. काका खुर्चीत बसले, मुलाने बटण दाबलं, पाय वर गेले, फोटो निघाले.

माझा हात काही टाळीला उठला नाही. घरी आल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले.

मुलाच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. खरा त्रास तिथेच आहे. म्हाताऱ्या आईबापांशी कुणी वाईट वागलं तर चार माणसं मध्ये पडतात. पण कुणी प्रेमाने त्यांना जागेवर खिळवून टाकलं तर सगळे वाहवा करतात, आणि ती बिचारी माणसं "नको रे, मला चालवतं" एवढंसुद्धा बोलत नाहीत, कारण मुलाचं मन मोडेल.

माझ्या आत्याचं असंच झालं. आत्या म्हणजे गणिताची शिक्षिका, जन्मभर वर्गात उभी राहून शिकवणारी. निवृत्तीनंतर काही वर्षांनी घरातच पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. नीट वाचा, मनगट. पाय ठणठणीत होते. तरी त्या दिवसापासून तिचं चालणं बंद केलं गेलं. आधी प्लास्टर होतं म्हणून. मग प्लास्टर निघालं, तरी पुन्हा पडेल म्हणून. जिना बंद, बाहेर जाणं बंद, कपाटावरचं काही काढायला हात वर केला की तीन बाजूंनी आरडाओरडा. दादा, म्हणजे तिचा मुलगा, लाखात एक. त्याने तिला अक्षरशः तळहातावर जपलं.

आणि वर्षभरात ती विझत गेली. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची. बोलता बोलता धागा सुटायचा आणि ती आमच्याकडे बघत राहायची. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "वयोमानाने व्हायचंच." दिवसभरात ती किती चालते हा साधा प्रश्नसुद्धा त्यांनी विचारला नाही.

हे "व्हायचंच" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शंभरेक वर्षांपूर्वी काहाल नावाच्या स्पॅनिश शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे सगळं मरू शकतं, नव्याने काही उगवत नाही. नोबेल मिळवलेला माणूस, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या तेच प्रमाण मानलं गेलं. पण त्याच ठिकाणी त्याने पुढे असंही म्हटलं होतं की हा कठोर निकाल शक्य झाल्यास बदलणं हे उद्याच्या विज्ञानाचं काम आहे. ही पुढची ओळ कुणी सांगत नाही. विज्ञानाने ते काम बऱ्यापैकी केलंय. आपण मात्र अजून पहिल्याच ओळीत अडकलोय.

दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नवी आठवण पक्की करणं, रस्ता लक्षात ठेवणं, ही त्याची कामं. उतारवयात तो दरवर्षी साधारण एक-दोन टक्क्यांनी आक्रसतो. २०११ साली अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे बैठं आयुष्य जगणारे. अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा चालायला लावलं. सुरुवात फक्त दहा मिनिटांनी, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत. उरलेल्यांना शरीर ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षाने मेंदूचे स्कॅन पाहिले, तर ताणणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस नेहमीसारखा आक्रसला होता आणि चालणाऱ्यांचा सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे वर्ष-दोन वर्षांची झीज भरून निघाली. कशाने? चालण्याने! गोळी नाही, इंजेक्शन नाही.

असं का होतं, तेही बरंचसं कळलंय. स्नायू कामाला लागले की रक्तात अशी द्रव्यं उतरतात ज्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. ते मज्जापेशींना जगवतं आणि त्यांच्यातले जोड बळकट करतं. बारीक रक्तवाहिन्या वाढतात. मेंदू वजनाने शरीराच्या अवघा दोन टक्के, पण शरीराची वीसेक टक्के ऊर्जा एकटा खातो. त्याचा रक्तपुरवठा सुधारला तर तो तरतरीत होणार, यात नवल ते काय? म्हातारपणी माणसांत नव्या मज्जापेशी तयार होतात की नाही यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन अगदी उलट निष्कर्ष छापून आले. चालू दे वाद. असलेल्या पेशींचे जोड बदलतात, घट्ट होतात, यावर तर वाद नाही ना?

आत्याकडे परत येते. मनगट आखडलं होतं म्हणून फिजिओथेरपीला एक मुलगी घरी यायला लागली. पहिल्याच दिवशी तिने मनगट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हात छातीवर बांधा आणि न टेकता खुर्चीतून उठा बघू." आत्याला उठता येईना. पायाची बोटं फरशीत रुतवून, ओठ आवळून ती पुढे झुकायची आणि परत मागे पडायची. वर्गात दिवसभर उभी राहणारी बाई! दादा धावला तर त्या मुलीने त्याला हातानेच थांबवलं. मला तिची ती हिंमत फार आवडली.

मग काही दिवसांनी तिने दुसरं काढलं. "आजी, चालायचं आणि चालताना शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचं." गणिताच्या बाईला! आत्या निघाली. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी... आणि एकोणऐंशीला पाय जागीच थांबले. आकडा सापडल्यावर मगच पाऊल पुढे पडलं. आम्ही सगळे बघत होतो. पाय आणि डोकं एकाच वेळी चालवायला तिच्याकडे पुरेसं लक्ष उरलंच नव्हतं.

हे नंतर मी वाचलं. १९९७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी वृद्धनिवासात एक गोष्ट टिपली. चालताना कुणी बोलायला लागलं की काही ज्येष्ठ थबकतात, बोलतात आणि मग चालतात. असे थबकणारे बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं हे नुसतं पायांचं काम नाही हो. तोल, नजर, अंदाज, समोरून येणाऱ्याला वाट देणं, सगळा मेंदू त्यात राबतो. आणि आपण म्हणतो, "बसून राहा, हातात शब्दकोडं घ्या, डोकं चालू राहील." शब्दकोडी वाईट नाहीत, सोडवा. पण कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोड्यांत तरबेज होतो. साठी ते पंचाहत्तरीच्या माणसांना सहा महिने चालवून १९९९ मध्ये पाहिलं, तर एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, नको त्याकडे दुर्लक्ष करणं, हाताशी आलेली चूक वेळीच थोपवणं, नेमकं हे सुधारलं होतं. उतारवयात आधी निसटतं ते हेच.

आता कुणीतरी येऊन सांगेल की २०१५ च्या मोठ्या चाचणीत सोळाशेवर ज्येष्ठांना दोन वर्षं व्यायाम देऊनही बुद्धीत सरसकट फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या एका चाचणीत, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) जडलेल्यांना व्यायामाने तो आटोक्यात आला नाही. बरं, मान्य. पण २०१५ च्या त्याच चाचणीत ऐंशी ओलांडलेल्यांच्या आणि सुरुवातीला शरीराने जास्त कमकुवत असलेल्यांच्या नियोजनशक्तीत फरक दिसला होता. म्हणजे ज्यांना आपण सगळ्यात आधी बसवतो, तेच. आणि आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही हे कळतं, तर मग आधी का खणत नाही?

(थोडं पाणी पिऊन आले. जरा शांतपणे लिहिते.)

भीती मला कळते. रात्री-अपरात्री "पडले" म्हणून फोन आलेला असेल तर तो आवाज कानातून जात नाही. खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलंय. दादालाही तेच भय होतं आणि मी त्याला एका शब्दाने दोष देणार नाही. पण पडू नये म्हणून बसवलं, की मांड्यांतली ताकद जाते, तोल जातो, आणि मग माणूस खरोखरच पडतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना नुसतं चालायला सांगत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दमछाक न होणारी पण श्वास वाढवणारी हालचाल, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचा सराव, असं सांगते. ताकदीचे म्हणजे वजनंसुद्धा. हो, आजीबाईंनी वजनं उचलायची! हृदयाचा, सांध्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, सोबत कुणी उभं राहून. पण उचलायची.

आत्या पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. नावं अजून विसरते. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येणं कमी झालं, झोप सुधारली, चिडणं गेलं. आणि एक दिवस ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात-येत थेट "नऊ, दोन" पर्यंत पोचली, पाय एकदाही न थांबता. वळून त्या मुलीला म्हणाली, "मुली, आता तेरा-तेरा वजा करू." दादा आत जाऊन रडला.

म्हणून विनवते. पाणी त्यांना उठून घेऊ द्या. जिना त्यांना चढू द्या, तुम्ही एक पायरी खाली राहा. वेळ लागेल, लागू दे. "तुम्ही बसा" हे तोंडावर आलं की गिळा आणि "चला, मी पण येते" म्हणा. त्यांना एकटं फिरायला पाठवू नका, बरोबर जा, वाटेत गप्पा मारा. बोलताना पाय थबकतात का तेही कळेल.

तुमच्या घरी सत्तरीपुढचं कुणी हे करत असेल तर खाली लिहा. विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांनी कशी सुरुवात केली ते मला हवंय. दादाच्या सासूबाई तयार झाल्यात, पण त्यांचे गुडघे फार धरतात आणि त्यांना सोमवारपासून सुरू करायचंय.