दाणे छान आलेत!

तुमच्यासमोर कुणी लहान मुलाचा काळा-पांढरा, दाणेदार फोटो ठेवला, तर त्यातल्या मुलाकडे बघू नका. नवशिके तिथेच फसतात. आधी प्रिंट उचला, खिडकीशी न्या, तिरका धरा, डोळे बारीक करा आणि म्हणा, "दाणे छान आलेत." साजूक तूप रवाळ उतरलं की आपल्या मावश्या ज्या सुरात बोलतात, नेमका तोच सूर लावायचा.

हे मी अनुभवाने सांगतोय. जुलैतली संध्याकाळ, मार्दोळला बहिणीच्या घरी वीज गेलेली (पावसाळ्यात ती जायलाच येते). भाचा सोप्यावर बसून चहात पाव बुडवून खात होता आणि दारातला मळकट उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर पडला होता. मी आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची तयारी; जितकी वाढवाल तितके ठिपके) ६४०० वर नेला, शटर सेकंदाच्या १/३० वर आणला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. घरी येऊन फाइल उघडली तर पोराच्या गालावर लाल-हिरवे ठिपके, जणू आत्ताच शिगम्यातून आलाय. फोटो काळा-पांढरा केला. ठिपके होते तिथेच राहिले, फक्त त्यांचा रंग गेला, आणि फसलेल्या फोटोची कलाकृती झाली. कितीतरी काळी-पांढरी कला अशीच जन्माला येते, पण हे आपल्यातच ठेवा.

पणजीला आमची फोटोवाल्यांची रविवारची बैठक असते. तिथे प्रिंट टेबलावर पडला की पहिला मान फिल्मच्या जमान्याचा. "ट्राय-एक्सचे दाणे वेगळेच हो!" ही फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये १९५४ साली आली. तुम्ही त्यानंतर तीस वर्षांनी जन्मलात तरी सुस्कारा सोडायला कुणाची हरकत नसते. चारशे आयएसओची फिल्म कमी उजेडात सोळाशेची समजून वापरल्याची आणि मग रॉडिनल नावाच्या डेव्हलपरमध्ये धुतल्याची आठवण सांगा. रॉडिनल १८९१ पासूनचं, त्यामुळे गोष्टीत आजोबांनाही घेता येतं. फक्त एक पथ्य पाळा. फिल्मवरचे दाणे चांदीचे असतात, कमी उजेडात चालणाऱ्या फिल्मचे स्फटिकच मोठे म्हणून ते ठळक दिसतात, आणि समोरचे ठिपके म्हणजे सेन्सरला पुरेसा उजेड न मिळाल्याची निव्वळ कुरकुर आहे, असं चुकूनही बोलू नका. चर्चा तिथेच संपेल, आणि भाजी-पाव अजून यायचा असतो.

मग कापाकापी. हात मनगटावर तुटलाय म्हणा. डोळ्याऐवजी कान शार्प आलाय म्हणा. (हे खरंच होतं. एफ १.८ ला, म्हणजे लेन्स खूप उघडी असताना, पोराने मान जराशी वळवली तरी फोकस डोळ्यावरून कानावर जातो.) कुणीतरी प्रबुद्ध दासगुप्तांचं नाव काढावं. त्यांनी गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचे काळे-पांढरे फोटो काढले होते. माझ्या भाच्याच्या पावाशी त्याचा काय संबंध, असं कुणी विचारत नाही. नावाने वजन येतं.

आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी तर चष्मा कपाळावर चढवून प्रिंट नाकाला लावला. बराच वेळ गेला. मग निकाल आला, "पात्रांव, ओठांच्या मधे हा काळा ठिपका आहे ना, नजर तिथेच अडकते. क्लोन करून, म्हणजे बाजूचा तुकडा वर चिकटवून, काढून टाक." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि दुरुस्त प्रिंट लॅबला टाकला.

आता टीका झेलणाऱ्यांसाठी. "मुद्दामच" हा एक शब्द पाठ करा. कान शार्प का? मुद्दामच. चेहरा अर्धा काळा का? मुद्दामच. वीज गेली होती हे मरेपर्यंत कबूल करायचं नाही. कुणी नुसतं "गोड आलाय हो" म्हणालं तर त्याला फोटोतलं काही कळत नाही असं समजा. बारा दोष काढणारा मात्र गुरू. त्याचं चहाचं बिल तुम्ही द्या.

चवथीला डिचोलीला घरी गेलो. दुरुस्त प्रिंट अजून आला नव्हता, म्हणून जुनाच पिशवीत होता. आई नेवऱ्या भरत होती. हात पुसून तिने प्रिंट कोपऱ्याला धरला.

"पावसात असाच कपाटात ठेवलेलास ना? बुरशी आली बघ."

पदराने पुसला. बुरशी गेली नाही. पुन्हा पुसला. मग हात लांब करून फोटो दूर धरला आणि बघत राहिली.

"अरे, बाबूचा दात कधी पडला?"

"आई," मी म्हटलं, "आयएसओ ६४०० होता."