चेक इंजिनचा दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे

गाडीमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: चेक इंजिनचा पिवळा दिवा वारंवार लागत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटे काढून ठेवावी, हा दिवा प्रदूषणाच्या भागांचा असतो, इंजिनाचा नव्हे, त्यामुळे काळजी करू नये, तरीही दिवा आलाच तर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पाहावा आणि कोडमध्ये ज्या भागाचे नाव येईल तो बदलावा, पीयूसी पास होत असेल तर तेही करू नये, आणि डिझेल गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण विकत न आणता घरीच करावे. संदेश ठाम सुरात लिहिलेला असल्यामुळे तो अनेकांना पटतो, म्हणूनच त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

बॅटरीची वायर काढल्यावर बऱ्याच गाड्यांत दिवा विझतो, हे खरे आहे. परंतु त्या वेळी इंजिनाच्या संगणकाची, म्हणजे ईसीएमची, नोंद पुसली जाते, दोष जागच्या जागी राहतो. उत्सर्जनाशी संबंधित बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत, म्हणजे गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या दोन खेपांत, आढळल्याशिवाय ईसीएम दिवा लावत नाही, आणि काही चाचण्या तर इंजिन पुरेसे तापून गाडी ठरावीक वेगाने काही काळ धावल्यावरच होतात. त्यामुळे दिवा परत यायला काही दिवस जातात आणि मधल्या काळात उपाय लागू पडला असे वाटते. यात खरे नुकसान वेगळेच होते. दोष आढळला त्या क्षणी इंजिनाचे तापमान किती होते, गाडीचा वेग किती होता, इंजिनावर भार किती होता, ही सारी माहिती कोडसोबत साठवलेली असते आणि वारंवार येणाऱ्या दोषाचा माग काढायला तीच सर्वांत उपयोगी पडते. ती पुसण्याआधी कागदावर उतरवून घ्यावी किंवा स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. दोष खरोखर दूर झाला असेल, तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर ईसीएम स्वतःच दिवा विझवतो. त्यासाठी वायर काढावी लागत नाही.

इंजिन वेगळे आणि प्रदूषणाचे भाग वेगळे, ही विभागणीही टिकत नाही. एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब होऊन गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटेनासे झाले, की न जळलेले पेट्रोल कॅटकॉनमध्ये, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन जळते आणि त्या उष्णतेने त्याची आतली मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी वितळू शकते. म्हणूनच दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल, तर वेग कमी करून लवकरात लवकर थांबणेच शहाणपणाचे आहे. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस त्या जाळीवर बसतो आणि कॅटकॉन हळूहळू निकामी होतो. अशा गाडीचा दिवा प्रदूषणाचा असला, तरी आजार इंजिनाचाच असतो.

सर्वांत महागात पडणारा सल्ला आहे तो कोडमध्ये नाव येईल तो भाग बदलण्याचा. कोणती चाचणी नापास झाली एवढेच कोड सांगतो. ती कशामुळे नापास झाली हे तो सांगत नाही. कॅटकॉन नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा नेहमी आढळणारा कोड घेऊ. अनेक पेट्रोल गाड्यांत कॅटकॉनच्या आधीच्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सतत वरखाली होतो, तर कॅटकॉन ऑक्सिजन साठवून सोडत असल्यामुळे मागच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला की ईसीएम हा कोड नोंदवतो. मात्र एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरत असेल किंवा मागचा सेन्सरच बिघडला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. त्यामुळे इंजिन पूर्ण तापवून, २५०० आरपीएमवर ठेवून, दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारी शेजारी पाहावेत. एक्झॉस्टच्या गॅस्केटभोवती काजळीचा काळा डाग आहे का, ते टॉर्च लावून पाहावे. गार इंजिन सुरू करताच तिथून टकटक ऐकू येते का, तेही पाहावे. कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो महाग असतो. आणि मूळ कारण तसेच ठेवून नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

पी०१७१ या कोडच्या बाबतीत तर बरेचदा निर्दोष ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, असे हा कोड सांगतो, आणि सेन्सर ते बरोबरच सांगत असतो. अशा वेळी ईसीएम किती टक्के जादा पेट्रोल देत आहे, तो आकडा स्कॅनरवर वाचावा. इंजिन नुसते चालू असताना तो आकडा अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ वर येत असेल, तर एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतून मोजमापाबाहेरची हवा आत येत असण्याची शक्यता जास्त. उलट वेग व भार वाढवल्यावर आकडा वाढत गेला, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. हल्ली याचे खापर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरही फोडले जाते. त्या इंधनाला तेवढ्याच हवेमागे काहीसे जास्त पेट्रोल लागते हे खरे, पण निरोगी यंत्रणा तो फरक भरून काढते. जी आधीच काठावर होती तिचा दिवा मात्र लागू शकतो.

पीयूसीबद्दल थोडक्यात सांगता येईल. ती तपासणी गाडी उभी असताना, इंजिनावर भार नसताना होते आणि तिच्यात नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, कार्बनने बंद स्थितीत अडकला तर नेमकी तीच वाढतात, आणि तीही भाराखाली. त्यामुळे पीयूसीचा कागद हातात असतानाही दिवा खरे बोलत असू शकतो.

घरी द्रावण करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. डिझेल गाडीसाठीचे द्रावण अतिशुद्ध युरिया आणि खनिजविरहित पाण्याचे असते व त्यात युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के असते. शेतीचा युरिया २०१५ पासून आपल्याकडे कडुनिंबाचे तेल चढवूनच मिळतो. ते तेल आणि नळाच्या पाण्यातले क्षार फवारणीच्या नोझलमध्ये आणि पुढच्या उत्प्रेरकावर साचतात. द्रावणाचा दर्जा घसरल्याचे ईसीएमच्या लक्षात आले, की काही गाड्या आधी इशारा देतात, मग ताकद कमी करतात किंवा पुन्हा सुरूच होत नाहीत. शिवाय शेतकऱ्यांसाठी अनुदान दिलेला युरिया अशा कामाला वापरण्यास खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार मनाई आहे. असे द्रावण टाकीत ओतले गेलेच असेल, तर इंजिन सुरू करू नये, किल्लीही फिरवू नये, कारण पंप चालू होताच ते पुढच्या नळ्यांत ओढले जाते. गाडी टोइंग करून न्यावी आणि टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी.