‘एक गमी घ्या आणि मुलांशी खेळा’: हिवाळी सुट्टीतला एक घातक सल्ला

शाळांना हिवाळी सुट्टी लागायची वेळ आली की अमेरिका-कॅनडातल्या पालकांच्या फोनवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला तीन जणांनी पाठवला, एकाने तर मराठी करून. मजकूर साधारण असा: मुलं दोन आठवडे घरी आहेत, सहल परवडत नाही, मग घरातच सुट्टी साजरी करा. गांजा आता कायदेशीर आहे, तेव्हा दुपारी एक गमी (गांजा घातलेली मऊ, गोड गोळी) घ्या आणि मुलांच्या पातळीवर उतरून खेळा. संयम वाढतो. वाइनपेक्षा हे सुरक्षित. धूर नाही, म्हणजे मुलांना धोका नाही. सोबत खेळांची यादी, आणि त्यात ‘कुकीजचे दोन ट्रे भाजा, एक मुलांचा, एक आपला’ (म्हणजे गांजाचा) हेही आहे.

माझ्या घरातही गांजा आहे. नवऱ्याची पाठ जुनी दुखरी आहे, आम्ही राहतो तिथे कायद्याची परवानगी आहे आणि काही रात्री तो गमी घेतो. त्यामुळे गांजा घेणाऱ्या आईबापांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

‘गमी घेतली की पालक जास्त संयमी आणि खेळकर होतो.’

होत नाही, त्याला तसं वाटतं. टीएचसी हा गांजातला नशा आणणारा घटक. त्याने आत्ताच ऐकलेलं डोक्यात टिकत नाही, वेळेचं भान सुटतं, लक्ष भरकटतं. मुलांशी खेळायला नेमकं हेच लागतं. गेल्या डिसेंबरात पाठ धरली म्हणून नवऱ्याने पाच वाजताच गमी घेतली आणि साडेसहाला आमच्या सहा वर्षांच्या लेकीबरोबर पत्ते खेळायला बसला. डाव तिने स्वतः रचलेला होता: लाल पान आलं की उतारी बदलायची, राजा आला की टाळी. तिने नियम सांगितले, तो ‘हो हो’ म्हणाला, दोन पानं टाकली आणि विचारलं, ‘राजा आला की काय करायचं?’ तिने परत सांगितलं. त्याने परत विचारलं. तिसऱ्या वेळी तिने सगळी पानं गोळा केली, कडा नीट जुळवून डबीत भरली आणि म्हणाली, ‘बाबा, तू ऐकतच नाहीयेस.’ दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर त्याच्या मते संध्याकाळ झकास गेली होती.

इथे फक्त डाव मोडला. पण लहान मुलाबरोबरचा खेळ म्हणजे निम्मी राखण असते. ओव्हनचं दार, भरलेला टब, बर्फाच्या उतारावरून थेट रस्त्याकडे सुटलेली घसरगाडी. तिथे क्षणभराचा उशीर पुरतो.

‘वाइनपेक्षा सुरक्षित.’

मुलांवर लक्ष असताना वाइनही नको, म्हणून ही तुलना मुळात कामाची नाही. तरी एक फरक सांगते. तीन वर्षांच्या पोराच्या हाती वाइनचा पेला लागला तर ते एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल आणि थुंकेल. गमीची पिशवी लागली तर ते पिशवी संपवेल.

‘धूर नाही, म्हणजे मुलांना धोका नाही.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. धूर वाईटच. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात आणि घरात ओढलेल्या गांजाचे अंश तिथे राहणाऱ्या मुलांच्या लघवीत सापडले आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात टीएचसी सहा दिवसांनंतरही सापडलं आहे, मग ती ओढो वा खावो. पण लहान मुलांना इस्पितळात पोहोचवण्यात खायच्या गांजाचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेतल्या विषबाधा मदत केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचा खाऊ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं दोन-तीन वर्षांची होती, आणि जवळजवळ सगळे प्रकार घरातच घडले. म्हणजे हा मजकूर सुट्टी जिथे घालवायला सांगतो, नेमक्या तिथे.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मोठ्या माणसाचा एक डोस १० मिलिग्रॅम टीएचसी धरतात आणि एका पाकिटात १०० मिलिग्रॅमपर्यंत भरता येतं. दोन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण बारा किलो. त्याने १०-१० मिलिग्रॅमच्या चार गमी खाल्ल्या, तर मोठ्या माणसालाही झेपणार नाही एवढा गांजा त्या बारा किलोंत गेला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या १ जानेवारीला मौजेसाठीच्या गांजाची विक्री सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारला माणसांच्या, प्राण्यांच्या, फळांच्या आकाराच्या गमींवर बंदी आणावी लागली. कॅनडाने तर अख्ख्या पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. मुलाला खाऊ आणि औषध यातला फरक कळत नाही, हे या सरकारांना नियम करताना मान्य करावं लागलं.

घरी केलेल्या कुकीजवर तर कसलीच खूण नसते. दोन ट्रे, एकच ओव्हन, एकच रंग, वर त्याच साखरेच्या चांदण्या. पीठ मळायला हात लावलेलं मूल ‘माझी कुकी’ शोधत ओट्यापाशी येणारच. घरच्या पिठात गांजा सगळीकडे सारखा मिसळतही नाही, एका कुकीत नावाला आणि दुसरीत चौपट. यादीतली ही एक ओळ तरी कृपा करून खोडा.

‘अर्ध्या तासात कळतं, नाही चढली तर अजून एक.’

भांग उशिरा चढते हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. गमीचं तेच आहे. पोटातून यकृतात गेल्यावर टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं. असर जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि तो बारा तासांपर्यंत टिकू शकतो. तीन वाजता एक, काहीच वाटेना म्हणून चारला दुसरी, की सहाला मुलांना भूक लागते तेव्हा दोन्ही एकदम अंगावर आलेल्या असतात.

म्हणूनच ‘मुलं झोपल्यावर घ्या’ हा सुधारित सल्लाही मला अर्धाच पटतो. नऊला घेतलेली गमी पहाटे तीनला अंगात असू शकते, आणि लहान मुलाला ताप त्या वेळीही चढू शकतो. बाहेर बर्फ पडत असताना गाडी कोण चालवणार? आमच्या घरी आता ठरलं आहे: ज्या रात्री नवरा गमी घेतो, त्या रात्री मी वाइनलाही हात लावत नाही. एकट्याने मुलं सांभाळणाऱ्यांना हे जड जातं, मला कळतं. मग मूल घरात असेल त्या रात्री गमी नको. अगदी दुखण्यासाठीच घ्यावी लागत असेल, तर हाकेला धावून येणारं आणि गाडी चालवणारं माणूस आधी ठरवून ठेवावं.

‘मुलांना काही कळत नाही.’

लहानांना पिशवी कुठे असते ते कळतं, मोठ्यांना सगळंच कळतं. लपवण्यापेक्षा ‘हे मोठ्यांचं आहे, औषधासारखं, तुझ्या अंगाला विष’ असं एकदा सरळ सांगावं आणि तरीही कुलूप लावावं. आमची डबी नंबरच्या कुलुपाची आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर. कोटाचा खिसा, पर्स, गाडीचा कप्पा या जागा हिवाळ्यात विशेष तपासा, कारण पाहुणे येतात आणि त्यांचे कोट मुलांच्या हाताच्या उंचीवर लटकतात.

घरीच सुट्टी घालवा, ही मजकुरातली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. कुठे नेता आलं नाही म्हणून आईबापांनी अपराधी वाटून घेऊ नये. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी बर्फात काठी रोवून सावलीच्या टोकाशी खूण करा. वर्षातली सगळ्यात लांब दुपारची सावली तीच. सुट्टी संपताना पुन्हा मोजा, ती किंचित आखडलेली असते आणि मुलं ते बोटांनी मोजून पाहतात. कडाक्याच्या थंडीत साबणाचे फुगे काढा. फुग्यावर बर्फाची नक्षी काही सेकंदांत पसरते आणि लक्ष दुसरीकडे असेल तर ती हुकते. मुलगी ‘बघ, बघ!’ म्हणते तेव्हा तिथे पाहणारं माणूस लागतं.

आणि मुलाने खाल्लंच असेल, किंवा नुसती शंका असेल, तर ते पेंगायची वाट बघू नका. झोक जाणं, उलट्या, उठवूनही न उठणं, श्वास मंदावणं ही लक्षणं तासाभराने किंवा त्याहून उशिराही सुरू होतात. यावर उतारा नाही, शरीरातून ते जाईपर्यंत डॉक्टर मुलाला सांभाळतात. विषबाधा मदत केंद्राला लगेच फोन करा: अमेरिकेत १-८००-२२२-१२२२, कॅनडात १-८४४-७६४-७६६९. मूल उठत नसेल किंवा श्वास नीट नसेल तर थेट ९११. डॉक्टरांपुढे गांजाचं नाव पहिल्या वाक्यात घ्या. लाजेपोटी ते दडवलं की बेशुद्धीचं कारण शोधायला त्या इवल्या जिवाच्या डोक्याचं स्कॅन होतं, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं जातं. दोन्ही नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवले आहेत, लेकीच्या चित्राशेजारी, पाहुण्यालाही दिसतील अशा अक्षरात.